साडेसहाशे शब्दांची शिकवणी

बारावीनंतर अमेरिकेत शिकायला जायचं ठरवलेल्या मुलाला बहुधा 'कॉमन ॲप' नावाचा अर्ज भरावा लागतो. हजाराहून जास्त महाविद्यालयं आणि विद्यापीठं हा एकच अर्ज चालवून घेतात. त्यात मार्क येतात, शिक्षकांची शिफारसपत्रं येतात, वर्गाबाहेर काय काय केलं त्याच्या दहा नोंदी येतात. एकेका नोंदीला दीडशे जागा. शब्दांच्या नव्हे, अक्षरांच्या. आणि मग एक निबंध. किमान २५० शब्द, कमाल ६५०. सहाशेएक्कावन्नावा शब्द ती चौकट आत घेतच नाही. विषय सात दिलेले असतात आणि त्यांतला सातवा असतो 'तुम्हाला हवा तो'. माझा असा समज आहे की ही सगळी शिकवणी जन्माला आली ती या सातव्या विषयाच्या धास्तीतून.

मी पुण्यात ही शिकवणी घेते. वर्ग नाही, बॅच नाही. एका वेळी एकच मूल, समोरासमोर. मी नेमकं काय शिकवते हे शेजारच्या काकूंना अजून उमगलेलं नाही. "म्हणजे इंग्रजी शिकवतेस ना?" नाही, यातल्या बहुतेक मुलांचं इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार असतं. "मग निबंध लिहून देतेस?" तेही नाही. पुण्यातून एमएसला जाणाऱ्यांच्या दोन पिढ्या झाल्या, त्यामुळे एसओपी म्हणजे काय ते काकूंनाही ठाऊक आहे. पण एसओपीत विचारतात, तुला काय शिकायचंय आणि कशासाठी. इंजिनिअर झालेला मुलगा ते कसंबसं सांगतो, आणि नाहीच जमलं तर पैसे घेऊन लिहून देणारी माणसं गावात आहेत. बारावीतल्या मुलाला मात्र विचारतात, तू कोण आहेस. हे विचारायला सतराव्या वर्षाइतकं अडनिडं वय शोधून सापडणार नाही.

त्यातून आपली मुलं. इंटरनॅशनल शाळेत शिकणाऱ्यांनीही मराठीच्या तासाला नदीची आत्मकथा लिहिलेली असते, फाटक्या पुस्तकाचं मनोगत लिहिलेलं असतं. नदीच्या, पुस्तकाच्या, वठलेल्या झाडाच्या तोंडून 'मी' म्हणायला आपण त्यांना शिकवलं. स्वतःच्या तोंडून म्हणायला लागली की म्हटलं, पुरे, फार लाल करू नकोस स्वतःची. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगताना स्वतःची स्तुती करणाऱ्याला आणि वाडवडिलांची कीर्ती सांगणाऱ्याला एकाच ओवीत बसवलं आहे. कॉमन ॲपची पंचाईत अशी, की पहिली मूर्खता टाळायला गेलेला सालस मुलगा हमखास दुसरीत जाऊन पडतो. आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते, आजोबांनी गावात वाचनालय काढलं, आजोबा पहाटे चारला उठत. वाचून झालं की प्रवेश आजोबांनाच द्यावासा वाटतो.

बाकीची मुलं आईबरोबर येतात आणि आईबरोबर फाइल येते. रोबोटिक्स, ऑलिंपियाड, अरंगेत्रम, सुट्टीत काढलेली एनजीओ. "यातलं काय काय घालायचं, मॅडम?" यातलं काहीच नाही, असं म्हटलं की फाइल हळूच मिटते आणि माझ्याविषयीचा विश्वासही. पण खरंच, हे सगळं त्या दहा नोंदींत येऊन गेलेलं असतं. तेच पुन्हा साडेसहाशे शब्दांत कशाला? मग मी आईला विनंती करते की तासभर खाली बागेत फेऱ्या मारून या. "मी इथेच कोपऱ्यात बसते ना, मध्ये बोलणार नाही." बोलतात. दहाव्या मिनिटाला, "अरे, ते दिल्लीचं सांग ना मॅडमना."

आई गेल्यावर आम्ही दोघं उरतो आणि बराच वेळ काहीही घडत नाही. ही या शिकवणीतली सगळ्यात कठीण जागा. शांतता भरून काढायची सवय शिक्षकाला असते, मुलाला तर असतेच, आणि त्या भरणीत जे बोललं जातं ते बहुतेक फाइलीतलंच असतं. मी चहा करते. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो. मी साधे प्रश्न विचारते. शाळेतून घरी कसा येतोस? बसमध्ये कुठे बसतोस? घरात भांडण झालं की पहिलं कोण बोलतं? मुलांना वाटतं, हा सराव आहे, निबंधाचं अजून सुरू व्हायचंय.

आयबी करणारा एक मुलगा ड्रोनवरचा निबंध घेऊन यायचा. टीमने ड्रोन बनवला, तो कोसळला, पुन्हा बनवला. इंग्रजी चोख. मी वाचायचे आणि पुढच्या पानापर्यंत तो मुलगा कसा होता ते विसरायचे. एका संध्याकाळी तो बुटांच्या नाड्या बांधत दारात उभा होता. आपल्याकडे खऱ्या गप्पा दारातच होतात, 'निघते हं' म्हटल्यानंतरचा अर्धा तास हाच भेटीचा ऐवज असतो. घाई कसली, विचारलं, तर म्हणाला, सोसायटीत मॅच आहे.

"तू खेळतोस?"

"छे. मी स्कोअर लिहितो."

मग नाडी तशीच राहिली. वाइड की बाय यावरून मारामाऱ्या होतात, मोठी मुलं वहीत रन वाढवायला सांगतात, तो वाढवत नाही म्हणून त्याला नाव पडलंय 'सीए'. गेल्या महिन्यात एक भानगड झाली होती. वॉचमनचा मुलगा बदली म्हणून फील्डिंगला उभा राहिला आणि त्याने सीमारेषेवर कॅच घेतला. बदली खेळाडूने घेतलेला कॅच स्कोअरबुकात 'सब' म्हणून लिहितात. कप्तान म्हणाला, लिही 'सब' आणि चल पुढे. याने 'सब' लिहिलं, आणि पुढे कंसात नाव लिहिण्यासाठी मॅच थांबवली, कारण खऱ्या स्कोअरकार्डात तसं लिहितात आणि त्याला त्या मुलाचं आडनाव ठाऊक नव्हतं. रोज गेट उघडणाऱ्या माणसाचं आडनाव आपल्याला ठाऊक नाही हे त्याला वही हातात असताना कळलं. तो फील्डवर चालत गेला, विचारलं, लिहिलं. कप्तान अजून त्याच्यावर खार खाऊन आहे.

मी म्हटलं, हे लिही. तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतेय. आईला तर अजिबात पटलं नाही: "स्कोअर लिहिणं ही काय ॲक्टिव्हिटी झाली?" पण मुलाने लिहिलं, वेडंवाकडं, आणि शेवटी नेमानं जोडलं की या प्रसंगातून मी समतेचं मूल्य शिकलो. ते काढ म्हटलं तर घाबरला. "मग शेवट कसा करू? काहीतरी शिकलो असं पाहिजे ना?"

"मॅच कोण जिंकलं?"

"आम्ही हरलो."

"मग तसं लिही."

या 'शिकलो'चा मला मनापासून राग आहे. दात पडला तरी त्यातून चिकाटी शिकावी, आजी गेली तरी त्यातून काळाचं व्यवस्थापन शिकावं, अशी एक सक्ती या निबंधांवर कुणीतरी लादली आहे. विद्यापीठांनी ती लेखी कुठे केलेली नाही. ती आमच्या धंद्याने केली, नमुना निबंधांच्या पुस्तकांनी केली. सतरा वर्षांच्या मुलाला एखादी गोष्ट नुसती दिसली, बोचली, आणि तिचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही, हे मला पुरतं. चाळिशीतल्यांनाही कुठे कळलेलं असतं.

एकास एक शिकवण्यात सगळा कस लागतो तो हात आवरण्यात. मुलाचा मसुदा गूगल डॉकमध्ये उघडलेला असतो, कर्सर लुकलुकत असतो, आणि माझ्या डोक्यात त्याच्या वाक्याहून चांगलं वाक्य तयार असतं. ते द्यायचं नाही. यात नीतीचा भाग आहेच, पण त्याहून मोठा भाग कारागिरीचा आहे. माझं एक वाक्य आत गेलं की त्याच्या शेजारची मुलाची वाक्यं फिकी पडतात; मग तीही उजळावी लागतात; आणि चार दिवसांनी त्या निबंधात पन्नाशीतली एक बाई सतरा वर्षांच्या मुलाचा आवाज काढून बोलत असते. म्हणून मी समासात फक्त प्रश्न टाकते. कुठल्या गेटपाशी? तेव्हा पाऊस होता? हे तू खरंच म्हणालास, की म्हणायला हवं होतं असं आता वाटतं? तिसरा प्रश्न मुलांना आवडत नाही. त्यावर ती गप्प होतात आणि दुसऱ्या दिवशी परिच्छेद बदललेला असतो.

हा एक निबंध झाला म्हणजे संपलं असंही नाही. प्रत्येक विद्यापीठाची वेगळी तोंडीलावणी असते. स्टॅनफर्ड भावी रूममेटला चिठ्ठी लिहायला सांगतं. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं आठ प्रश्न देऊन त्यांतल्या चारांची साडेतीनशे-साडेतीनशे शब्दांत उत्तरं मागतात. शिकागो विद्यापीठाने तर एका वर्षी 'एक्स शोधा' एवढंच विचारलं होतं. आणि हे सगळं ज्याच्या पुढ्यात जातं तो वाचक दमलेला असतो. हार्वर्डकडे अलीकडे दर वर्षी पन्नास हजारांच्या आसपास अर्ज येतात, प्रवेश जेमतेम दोन हजार. काही ठिकाणी दोन वाचक शेजारी बसून अख्खा अर्ज, मार्क आणि निबंधासकट, दहा मिनिटांच्या आत हातावेगळा करतात. आम्ही ज्या स्वल्पविरामावर एक संध्याकाळ घालवली तो त्या दहा मिनिटांत कुणाला दिसत असेल, असं मी मुलांना कधी सांगत नाही.

एका चुणचुणीत मुलीने मला विचारलं होतं, "पण मॅम, प्रवेशासाठी असलं विचारायचं सुचलं कुणाला?" तिला मी खरं ते सांगितलं. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनसारख्या ठिकाणी मुख्यतः परीक्षा पाहून मुलं घेत. मग पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुलं त्या परीक्षा धडाधड पास होऊ लागली. हार्वर्डमध्ये १९२२च्या सुमारास पाचातला एक विद्यार्थी ज्यू होता. अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लॉवेल यांनी त्यांच्या संख्येवर मर्यादा घालायचं उघडपणे सुचवलं, त्यावर गदारोळ झाला, आणि मग तेच काम सभ्य वाटेने झालं. अर्जावर आईचं माहेरचं नाव मागितलं, वडिलांचा जन्म कुठला ते विचारलं, घराण्याने नाव बदललं आहे का तेही. फोटो आला, मुलाखत आली, आणि मार्कांच्या जोडीला 'चारित्र्य' नावाची एक वस्तू आली, जी मोजता येत नाही आणि म्हणून नाकारायला सोयीची असते. स्वतःविषयी लिहायला लावणं हे याच कुळातलं. बर्कलीचे समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी 'द चोझन' या २००५ सालच्या जाडजूड ग्रंथात हा इतिहास दप्तरं धुंडाळून मांडला आहे. मुलगी म्हणाली, "म्हणजे हे आपल्याकडच्या 'आडनाव काय?'सारखंच झालं." मी तिला दुजोरा दिला नाही, नकारही दिला नाही, स्थळ पुणे होतं.

गंमत पुढेच आहे. जून २०२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी घातली. त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहून ठेवलं की वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने स्वतः सांगितलं, तर ते विचारात घ्यायला आडकाठी नाही. म्हणजे जो निबंध माणसं बाहेर ठेवायला आला, त्यातूनच आता काहींना आत यायची फट उरली आहे. आणि त्या फटीतून येण्यासाठी काय दाखवावं लागतं? तर जखम.

याच गोष्टीवरून एका मुलीने मला चांगलं ऐकवलं. ती वसतिगृहात राहून शिकत होती आणि पूर्ण आर्थिक मदतीवरच जाऊ शकणार होती. परदेशी मुलांच्या बाबतीत पैशांची कुवत न पाहता प्रवेश ठरवणारी विद्यापीठं मूठभरच आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट आणि अशी आणखी थोडी. (अशा मुलांकडून मी पैसे घेत नाही. हे सांगणं म्हणजे स्वतःची लाल, पण हिशेबाला हवं म्हणून सांगितलं.) तिला आधीच चार भल्या माणसांनी सांगितलं होतं, 'तुझी स्टोरी स्ट्राँग आहे.' स्टोरी म्हणजे आई चार घरची धुणीभांडी करते ती. मुलगी पहिल्याच भेटीत म्हणाली, "ते मी लिहिणार नाही."

मी कारण विचारलं. मला वाटलं, लाज वाटत असेल. वाटली असती तरी बिघडलं नसतं. पण ती म्हणाली, "निबंध मला आईला वाचून दाखवायचाय."

उत्पन्नाचे आकडे आर्थिक मदतीच्या वेगळ्या फॉर्ममध्ये भरायचेच असतात, तिथे काही लपत नाही. मग निबंधात आईला उभं कशाला करायचं? आम्ही दुसरीकडे शोधू लागलो. बोलता बोलता रेशन दुकानाचं निघालं. तिथे अंगठा लावायचं मशीन असतं आणि आजीचा अंगठा त्याला पटत नाही. आजी अंगठा केसांवर घासते, पदराला पुसते, पुन्हा लावते. मुलगी रांगेत उभी राहून पाहायची आणि तिच्या लक्षात यायला लागलं की कोणाकोणाचे अंगठे नाकारले जातात. म्हाताऱ्यांचे तर जातातच. पण सिमेंटच्या कामावरच्यांचे, आणि राख-साबणात हात असणाऱ्या बायकांचे. तिने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर कामाप्रमाणे खुणा करायला सुरुवात केली होती. का करत होतीस, विचारलं, तर म्हणाली, "मशीनला ठसा म्हणजे नक्की काय दिसतं ते मला समजत नव्हतं." तिला कॉम्प्युटर सायन्स शिकायचं होतं. हे तिने फाइलीत कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण तिच्याकडे फाइलच नव्हती.

निबंधात आईच्या अंगठ्याविषयी एक वाक्य आलं. ते ठेवायचं की नाही हे तिने मला विचारलं नाही, आईला विचारलं.

तिला प्रवेश मिळाला का, हे सगळे विचारतात. मिळाला, पहिल्या पसंतीच्या जागी नाही. तिथून नकार आला तो सगळ्यांना येतो तसाच, गोड शब्दांत आणि कारणाशिवाय. कारण देत नाहीतच. त्यामुळे माझ्या शिकवणीने कुणाला काय मिळालं हे मला सांगता येत नाही, आणि छातीठोकपणे सांगणाऱ्यांच्या जाहिराती मी जरा संशयानेच वाचते.

२०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि लोक म्हणाले, तुमचा धंदा बसला. तसा बसला नाही, पण माझ्या टेबलावर येणारे निबंध एकमेकांचे सख्खे भाऊ दिसू लागले. सगळे आजीच्या स्वयंपाकघरात उघडतात आणि तिथे दालचिनीचा वास दरवळत असतो. चौकशी करावी तर आजी सदाशिव पेठेतली, तिच्या घरात दालचिनी गोड्या मसाल्यापुरती. मी मुलाला ते मोठ्याने वाचायला सांगते. दुसऱ्या परिच्छेदाशी त्याचा त्यालाच कंटाळा येतो. कॉमन ॲपने आता यंत्राचा मजकूर स्वतःचा म्हणून देणं फसवणुकीत धरलं आहे, आणि ड्यूक विद्यापीठाने २०२४मध्ये सांगितलं की निबंधाला आकड्यांत गुण देणं आम्ही थांबवलं. मला यंत्राचा तितकासा राग येत नाही. ते आमच्याच नमुना निबंधांवर वाढलं आहे, शिकलो-शिकलो करायला आम्हीच त्याला शिकवलं.

पैशांचा प्रश्न याहून जड आहे. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत एका समुपदेशकामागे अडीचशेहून जास्त मुलं नसावीत अशी तिथल्या संघटनेची शिफारस आहे. प्रत्यक्षात सरासरी साडेतीनशेच्या वर आहे. आपल्याकडे बहुतेक शाळांत तो माणूसच नाही. म्हणजे कुणीतरी समोर बसून 'मग पुढे काय झालं?' विचारणार, ही चैन ज्याला परवडेल त्याची. मुंबई-पुण्यात आठवीपासूनची पॅकेजेस निघाली आहेत. मी पॅकेज विकत नाही, पण तास विकते. तासाचे पैसे घेते तेव्हा नेमकी कशाची किंमत घेते, यावर माझं आणि माझ्या नवऱ्याचं एकमत नाही. तो म्हणतो, ऐकून घेण्याची. मी म्हणते, तसं असेल तर फारच महाग आहे.

२०२४मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आलं होतं आणि त्याच रात्री कितीतरी विद्यापीठांची लवकरच्या अर्जाची मुदत संपत होती, ज्याच्या त्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे अकरा एकोणसाठला. बाहेर माळ लागलेली, त्यात फोन. आपला स्कोअरर.

"मॅम, सहाशेबावन्न झालेत. दोन शब्द बसत नाहीयेत."

"'व्हेरी' किती वेळा लिहिलंयस?"

पलीकडे थोडा वेळ फटाक्यांचाच आवाज. मागून त्याची आई, लाह्या-बत्तासे घे म्हणून.

"दोनदा," तो म्हणाला.

यंदाचा अर्ज १ ऑगस्टला उघडेल. परवा एका बाईंचा फोन आला होता, मुलीला पाठवायचं म्हणत होत्या. फाइल तयार आहे, पण एक अडचण आहे, म्हणाल्या. ती फारशी बोलतच नाही. मी म्हटलं, पाठवा, आणि फाइल तुमच्याकडेच ठेवा. पहिल्या दिवशी तिच्यानंतर कुणाला बोलावत नाही.